भरलेला डबा परत येतो तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लातूरच्या ट्यूशन एरियापासून चालत दहा मिनिटांवर माझं घर आहे. ३१ वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झाले. आता वरच्या तीन खोल्यांत मेडिकलच्या 'नीट' या प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी सहा मुलं राहतात आणि त्यांचे डबे माझ्या स्वयंपाकघरातून जातात. दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस आले की आपल्या पहिल्या पानावर पेढे भरवणाऱ्या आईवडिलांचे फोटो येतात. ते पाहताना मला त्यांच्यापेक्षा वरच्या खोल्यांतली मुलं आठवत राहतात, म्हणून हे पत्र.

रविवारी टेस्ट असते. रात्रीपर्यंत ७२० पैकी किती पडले ते मुलाच्या आणि वडिलांच्या मोबाइलवर एकाच वेळी येतं. ज्याचे गुण घसरले त्याचा सोमवारचा डबा बहुतेक वेळा तसाच परत येतो. चपात्या मी मोजून भरते, त्यामुळे कळतंच. असा मुलगा पुढचे दोन-तीन दिवस दुपारपर्यंत झोपतो, नाहीतर भिंतीकडे तोंड करून मोबाइल बघतो. घरचे म्हणतात, आळशी झालाय. क्लासवाले म्हणतात, सिरीयस नाही. शिक्षिका म्हणून मीही कित्येक मुलांबद्दल हेच बोलले आहे. आज माझं मत अगदी उलट आहे. ही मुलं घाबरलेली असतात. पुस्तक उघडलं की भीती समोर येते, म्हणून पुस्तकच उघडत नाहीत. वरून दिसतो तो आळस, आत चाललेली असते पळापळ.

दोन वर्षांपूर्वी नांदेडकडच्या एका खेड्यातला मुलगा माझ्याकडे होता. सलग चार दिवस डबा परत आला तेव्हा मी त्याला खाली बोलावलं आणि काही न विचारता शेंगा फोडायला बसवलं. हात कामात असले की मुलं बोलतात, हे मला वर्गातून माहीत होतं. अर्ध्या तासाने म्हणाला, "काकू, माझ्या फीसाठी आबांनी दोन एकर रान विकलं. आता मी कोणत्या तोंडानं घरी जाऊ?" मी त्याच्यासमोरच वडिलांना फोन लावला. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग आबा म्हणाले, "आरं लेकरा, रान तुझ्यापायी नाही इकलं. बोअरचं कर्ज थकलं होतं, ते फेडाया इकलं. तू आधी जेव."

अकरा महिने ते पोर एका चुकीच्या समजुतीचं ओझं घेऊन वावरत होतं. बापाने सांगितलं नाही, पोराने विचारलं नाही, कारण आपल्या घरांत असं बोलायची रीतच नाही. त्याला मेडिकलला प्रवेश मिळाला नाही. आता परभणीला कृषीचं शिकतो आणि दिवाळीला फोन करतो.

अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती नेमकी हेच सांगते. घडलेल्या घटनेतून थेट दुःख येत नाही, मधे त्या घटनेचा आपण लावलेला अर्थ असतो. 'टेस्टमध्ये कमी पडले' ही घटना. 'आता मी घराला तोंड दाखवायच्या लायकीचा नाही' हा अर्थ. घटना बदलता येत नाही, अर्थ तपासता येतो. मराठी माणसांपर्यंत हा विचार कि. मो. फडके यांनी आणला, ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींनी तो आणखी दूरवर नेला. म्हणजे आपल्या भाषेत हे ज्ञान कित्येक वर्षांपासून आहे. फक्त सातवी-आठवीच्या वर्गात ते पोचलेलं नाही.

वर्गात पोचलं ते वेगळंच. घटक चाचणीचे पेपर मी गुणांच्या उतरत्या क्रमाने नाव घेऊन वाटत असे. शेवटच्या चार-पाच मुलांना जागेवरून उठून माझ्यापर्यंत यायला किती वेळ लागायचा, ते अजून डोळ्यांपुढे येतं. त्यांना लाज वाटली की ती अभ्यास करतील असं मला खरोखर वाटत होतं. त्यातली किती लाजेने अभ्यासाला लागली आणि किती शाळाच सोडून गेली, याचा हिशेब मी कधी केला नाही. त्याची खंत आजही आहे.

बक्षिसांचंही तसंच. वाचनालयातलं एक पुस्तक वाचलं की एक पेन्सिल, अशी योजना मी एकदा काढली. पहिल्या आठवड्यात सगळी पातळ पुस्तकं संपली. पेन्सिली संपल्यावर आधी आवडीने वाचणाऱ्या मुलीही वाचनालयात येईनाशा झाल्या. पुढे वाचनात आलं की लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३मध्ये बालवाडीतल्या मुलांवर असाच प्रयोग केला होता. चित्र काढायची मुळात आवड असलेल्या मुलांपैकी काहींना 'चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र देऊ' असं आधी सांगितलं. त्यांना ते मिळालं, आणि नंतरच्या दिवसांत मोकळ्या वेळेत त्यांचं चित्र काढणं बाकीच्या मुलांच्या मानाने निम्म्यावर आलं. भीती आणि आमिष या दोन दोऱ्यांनी आपण मुलांना बारावीपर्यंत चालवतो. एखादी दोरी तुटली की स्वतःच्या पायांवर उभं कसं राहायचं, हे त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं.

आणि दोरी तुटणारच, तेही बहुतेकांची. २०२५मध्ये २२ लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. ज्या परीक्षेत बहुतेकांच्या हाती नकारच येणार हे आधीपासून ठाऊक आहे, तिच्या तयारीत नकार पचवायचा एकही तास नसावा? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले सर्वाधिक, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातले होते. प्रत्येकामागे एकच कारण असतं असं मी म्हणणार नाही. पण मदत मागायची कशी हे न शिकलेली मुलं त्यांत किती असतील, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या एका नीटच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवा, गुणांवरून तुकड्या पाडणं आणि चारचौघांत अपमान करणं टाळावं, असं त्यांत आहे. मी त्यांचं मनापासून स्वागत करते. पण समुपदेशकाच्या दारापर्यंत जायलाही 'मला जमत नाहीये' असं म्हणता यावं लागतं. ते वाक्य सतराव्या वर्षी अचानक तोंडात येत नाही. ते दहाव्या वर्षापासून घोटून घ्यायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा जीवनकौशल्यांत भावनांना आणि ताणाला सामोरं जाणं ही दोन्ही कौशल्यं आहेत. प्रशिक्षणात आम्ही ती दहाही नावं वहीत उतरवून घेतली होती. वेळापत्रकात मूल्यशिक्षणाचा तास होता, तो परीक्षा जवळ आली की गणिताला जायचा. मागितल्यावर मीही मुकाट्याने दिला आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे. पाचवीपासून आठवड्याला एक तास, वर्गशिक्षकाकडेच, आणि तो कोणत्याही विषयाला द्यायचा नाही. त्या तासाला पाठ नको, परीक्षा तर नकोच. चाचणीचे पेपर मिळाल्यावर पोटात काय झालं ते मुलांनी सांगावं. राग, लाज, भीती, मत्सर यांना वेगवेगळ्या नावांनी ओळखावं. 'मी ढ आहे' आणि 'मला अपूर्णांक येत नाहीत' या दोन वाक्यांतला फरक फळ्यावर मांडावा. घरी वाईट बातमी कशी सांगायची याचा सराव करावा, एकाने बाप व्हावं, एकाने मुलगा. शिक्षकांनी स्वतःच्या नापास होण्याच्या गोष्टी सांगाव्यात. वर्षातून एकदा तरी पालकांनीही या तासाला बसावं, कारण माझ्या अनुभवात त्यांना याची गरज मुलांइतकीच असते.

अभ्यासक्रम आधीच जड आहे असं सहकारी म्हणतील. मान्य. पण घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात अपूर्णांकही शिरत नाहीत, हे प्रत्येक शिक्षकाने वर्गात पाहिलेलं असतं.

एक विनंती आपल्यालाही. दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैत घ्यायला २०१५पासून सुरुवात झाली आणि कितीतरी मुलांचं वर्ष वाचलं. पण निकालाच्या संध्याकाळी रडणाऱ्या मुलाला ते सांगणारं जवळ कोणी असेलच असं नाही. येत्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी गुणवंतांच्या फोटोंशेजारी, त्याच पहिल्या पानावर आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत, पुरवणी परीक्षेचा अर्ज कधी आणि कुठे भरायचा ते छापावं. खाली टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. तो चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. माझ्या जिन्याच्या भिंतीवर मी तो खडूने लिहिला आहे आणि पुसट झाला की पुन्हा गिरवते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, लातूर