बाई, तुम्ही माझ्या आईचं नाव विचारलंत

प्रिय बाई,

हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण तुम्हीच तसं बजावलं होतंत. आम्ही निघालो तेव्हा दारात उभ्या राहून म्हणालात, "आभार मानायचेच असतील तर तुझ्या भाषेत मान. पुढच्या खेपेला आलीस की वाचून दाखव. अर्थ मागाहून विचारीन, आधी आवाज ऐकू दे." म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुमच्यासारखं माणूस मला भेटलं हे माझ्या भाषेतल्या माणसांनाही कळायला हवं.

त्यांना आधी थोडं सांगायला हवं. माझं सासर मॅकऑले. घराणं मूळचं स्कॉटलंडच्या वायव्येच्या लुईस बेटावरचं, उइगच्या बाजूचं. आम्ही राहतो ग्लासगोत. दोन वर्षांपूर्वी उल्लापूलहून स्टोर्नोवेला जाणाऱ्या बोटीत माझी आठ वर्षांची लेक कठड्याला धरून उभी होती. समोर बेट दिसायला लागलं तसं तिनं विचारलं, "आई, आपण मुळात कुठले?" बाबांचे पणजोबा इथले, एवढंच मला सांगता आलं. तिला ते पुरलं नाही. मलाही पुरलं नाही.

माझं लहानपण सांगली जिल्ह्यातलं. आमच्या गावात हेळवी यायचा, बैलावर बसून. ओसरीवर टेकायचा, जुनी वही सोडायचा आणि घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणायचा. मूळपुरुष कोण, कुठून उठून आला, कुणाचा कोण. आजी त्याला सूपभर जोंधळे घालायची आणि आम्ही पोरं तोंड उघडं टाकून ऐकत बसायचो. लेकीसाठी तसं काहीतरी करायचं मी ठरवलं. तिच्या वडिलांच्या घराण्याची मूळकथा, वायकिंगांच्या नॉर्स आणि आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक पुराणकथांपासून निघून तिच्यापर्यंत येणारी.

पहिलं दार ठोठावलं ते पैसे घेऊन वंशावळ काढून देणाऱ्यांचं. पैसे भरले, आणि टपालानं एक जाड कागदाची गुंडाळी आली. वर ढाल, तिच्यावर शिंगांचं शिरस्त्राण, खाली सोनेरी अक्षरांत आमचं आडनाव आणि 'वायकिंग राजवंश'. तुम्ही ती गुंडाळी पाहिलीत आणि काही न बोलता बाजूला ठेवलीत. नंतर हळूच सांगितलंत की स्कॉटलंडमध्ये ढालचिन्ह एका माणसाला दिलेलं असतं, आडनावाला नाही. आणि शिंगांची शिरस्त्राणं वायकिंगांनी लढाईत घातलीच नव्हती. ती लोकांच्या मनात बसली १८७६ साली जर्मनीत बायरॉइटच्या रंगमंचावर झालेल्या वाग्नरच्या संगीत नाटकाच्या वेशभूषेनंतर. दुसरं दार एका अभ्यासकाचं. मी चार पानी पत्र लिहिलं होतं. उत्तर दोन ओळींचं आलं: घरगुती कथा म्हणजे इतिहास नव्हे, आणि आपल्याला वेळ नाही. तिसरं दार घरातलंच होतं. सासरच्या एका जेवणात एक नातलग सहज म्हणाले, "हे आमच्या घराण्याचं आहे, तू कशाला इतकी धडपडतेस?" सहज म्हणाले, म्हणूनच जास्त लागलं. त्या रात्री वही कपाटात टाकली ती सहा महिने काढली नाही.

तुम्ही भेटलात तुमच्या गावच्या इतिहास मंडळाच्या खोलीत. वाचकहो, लुईसवर जवळजवळ प्रत्येक भागाचं असं मंडळ आहे. पहिलं १९७७ साली उत्तर टोकाला नेसमध्ये निघालं. गावकरीच चालवतात, जुने फोटो, पत्रं, म्हाताऱ्यांच्या आठवणी जपतात. बाई तिथे बसतात. जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून मी त्यांना पहिल्या दिवसापासून बाईच म्हणते. त्यांनी त्याचा अर्थ विचारला आणि मग दुसरं काही म्हणू दिलं नाही.

तुम्ही मला काय काय दिलंत ते आता मोजायला बसले तर रात्र होईल. मॅकऑले म्हणजे आउलेचा मुलगा, आउले हे नॉर्स ओलाफचं गेलिक, म्हणजे इथल्या जुन्या केल्टिक भाषेतलं, रूप. मॅकआयव्हर म्हणजे इवारचा मुलगा. म्हणजे 'मुलगा' हा शब्द गेलिक आणि बाप नॉर्स, एका आडनावात दोन लोक. गेलिक बोलणारे हेब्रिडीजला, म्हणजे लुईस ज्यांत येतं त्या बेटांना, 'परक्यांची बेटं' म्हणायचे आणि नॉर्वेवाले 'दक्षिणेची बेटं'. १२६६ साली पर्थच्या तहात नॉर्वेनं ती स्कॉटलंडला दिली, ४,००० मार्क आणि वर्षाला १०० मार्कांच्या बोलीवर. तह झाला, पण गावांची नावं तशीच राहिली. शॉबॉस्टमधलं 'बॉस्ट' म्हणजे शेतवस्ती, ग्रिमशेडरमधलं 'शेडर' म्हणजे गुरांच्या चराईची जागा. तुम्ही मला नकाशा वाचायला शिकवलंत, पोथी वाचायला शिकवावं तसा.

माझ्या सासरच्या आडनावानं सांगलीत माझे काका दचकले होते, हे मी तुम्हाला संकोचत सांगितलं. १८३५ सालच्या इंग्रजी शिक्षणाच्या टिपणाचा कर्ता मेकॉले याच लुईसच्या घराण्यातून आलेला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "त्याचे आजोबा इथल्याच बेटांवरचे धर्मोपदेशक. दोन पिढ्यांत घरातली गेलिक गेली, मग दुसऱ्यांच्या भाषा त्याला हलक्या वाटल्या यात नवल काय?" मग तुमच्या शाळेचं सांगितलंत. घरी सगळं गेलिक, वर्गात सगळं इंग्रजी. १८७२ च्या शिक्षण कायद्यात गेलिकला जागाच नव्हती, आणि त्याची सावली तुमच्या लहानपणापर्यंत पोचली होती. तेव्हा मला कळलं की समोर बसलेल्या बाईंना माझं दुखणं न सांगता समजलेलं आहे.

मला भीती होती ती कथेच्या खरेपणाची. १८५५ च्या आधी स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्मनोंदच नाही. त्याच्या मागे गेलं की तोंडी पिढ्या, आणि त्याच्याही मागे दंतकथा. तुम्ही म्हणालात, सगळ्यांनी हेच केलंय. आइसलँडच्या स्नोरी स्टर्लुसननं १२२० च्या सुमारास ओडिनला देव न मानता ट्रॉयकडून आलेल्या लोकांचा राजा ठरवलं. आयर्लंडच्या मठांतल्या साधूंनी आपल्या पूर्वजांचं नातं थेट बायबलातल्या नोहाशी जोडलं आणि बेटावर एकामागून एक लोक उतरवले, त्यांतच तुआहा दे दानन, डानूचे लोक. उत्तर युइस्ट बेटावरच्या मॅककॉड्रम घराण्यातले लोक तर सीलमाशांचे वंशज म्हणवले जातात. "खोटं लिहू नकोस," तुम्ही म्हणालात, "पण दंतकथा फेकूनही देऊ नकोस. नोंद काळ्या शाईत लिही, ऐकीव निळ्या शाईत." माझी वही आता बरीचशी निळी आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आणि मग मेल्कोर्का. ही गोष्ट तुम्ही वाचून दाखवलीत तो दिवस मी विसरणार नाही. बाहेर आडवा पाऊस, किटलीखाली आच, आणि तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, स्टोर्नोवेजवळच्या लॅक्सडेलचं नाव तुला माहीत आहे ना? सामन माशांचं खोरं. आइसलँडमध्येही त्याच अर्थाचं एक खोरं आहे, आणि तिथल्या लोकांची गाथा म्हणजे लक्सदाल सागा. तिच्या सुरुवातीलाच औद भेटते (या गाथेत तिचं नाव उन्न), आपल्या याच बेटांशी नातं असलेल्या केटिलची मुलगी. मुलगा लढाईत पडल्यावर तिनं स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला केथनेसच्या रानात गुपचूप जहाज बांधवलं, नातवंडं आणि माणसं घेतली आणि ऑर्कनी, फॅरो ही बेटं करत आइसलँड गाठलं. तिच्या पणतूनं, होस्कुल्डनं, एका बाजारात एक गुलाम मुलगी विकत घेतली. बाकीच्यांना एक मार्क चांदी, हिला तीन. ती मुकी आहे, असं विकणाऱ्यानं आधीच सांगितलं. तिला मुलगा झाला. मुलगा दोन वर्षांचा असताना एका सकाळी होस्कुल्डला ओढ्याकाठी बोलणं ऐकू आलं. जाऊन पाहतो तर ती आपल्या लेकराशी बोलते आहे. मुकी नव्हतीच. आयर्लंडच्या राजाची मुलगी मेल्कोर्का होती ती, पंधराव्या वर्षी पळवून आणलेली. मुलाला तिनं आपली भाषा शिकवली. तो मोठा होऊन आजोळी निघाला तेव्हा खूण म्हणून अंगठी दिली. तिला पहिला दात आला तेव्हा तिच्या बापानं दिलेली.

इथे मला रडू आलं. मी माझ्या लेकीशी मराठी बोलते ती बहुतेक रात्री दिवा मालवल्यावर, कुणी नसताना. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि इतकंच म्हणालात की आइसलँडच्या लोकांची आनुवंशिक तपासणी झाली तेव्हा बाप बहुतेक नॉर्वेकडचे निघाले आणि आयांमधल्या निम्म्याहून अधिक आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या. गाथेत नावं बापांची, कानात अंगाई आयांची.

मग तुम्ही ते केलंत ज्यासाठी हे पत्र आहे.

टेबलावर आम्ही दोघींनी मिळून आखलेला मोठा तक्ता होता. वर ओलाफ निळ्यात, खाली पिढ्या काळ्यात, शेवटी माझा नवरा, त्याच्या शेजारी मी आणि आमच्याखाली लेक. माझ्या नावाच्या वरच्या बाजूला कोरा कागद. तुम्ही पेन्सिल उचललीत, माझ्या नावावर टोक टेकवलंत आणि विचारलंत, "को लेश ऊ?" तुमच्याकडे लहान मुलाला रस्त्यात हेच विचारतात. आमच्याकडे म्हातारी बाई विचारते अगदी तसंच: कुणाची गं तू? मी वडिलांचं नाव सांगितलं. तुम्ही लिहिलंत आणि पेन्सिल तिथेच धरून ठेवलीत. "आणि आई?" आईचं सांगितलं. "तिची आई?" आजीचं सांगितलं. "कुठली?" कवठेमहांकाळची.

ते नाव तुम्ही मला पाच वेळा म्हणायला लावलंत. शेवटच्या ळ पाशी अडलात. म्हणालात, आमच्यातही एक जड ल आहे, पण तो हा नव्हे, पुन्हा म्हण. चहा निवून गेला. साडेचार वाजता मंडळाची खोली बंद व्हायची, पाच वाजून गेले. शेवटी तो ळ तुमच्या तोंडून बाहेर पडला आणि तुम्ही लहान मुलीसारखं टेबल थोपटलंत. मग ओलाफच्या रांगेला जेवढी जाड रेघ होती तेवढीच जाड रेघ माझ्या आजीपासून लेकीपर्यंत ओढलीत.

बाई, हेळव्याच्या वहीतही माझ्या आजीचं नाव नव्हतं. तो तिच्याच हातचे जोंधळे घेऊन जायचा.

मी माणसांबद्दल कडवट झाले होते. पैसे घेऊन काम करणाऱ्यांनी कागद दिला, ज्ञान असणाऱ्यानं दार लावलं, आपल्याच माणसानं उंबऱ्याबाहेर ठेवलं. तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, उलट दर खेपेला लेकीच्या खिशात शॉर्टब्रेड कोंबलंत. सज्जनपणा हा शब्द मराठीत आता कुणी फारसा वापरत नाही, जुनाट वाटतो. पण समोरच्याचं नाव नीट उच्चारता यावं म्हणून अर्धा तास घालवणं, याला मला दुसरा शब्द सापडत नाही. माझ्या गावच्या पोस्टमनकाकांची आठवण झाली. आजीला वाचता येत नव्हतं म्हणून ते पत्र नुसतं टाकून जायचे नाहीत, उन्हात उभे राहून वाचून दाखवायचे. अशी माणसं कुठल्याही बेटावर, कुठल्याही वाडीत असतात. ती स्वतःहून कधी पुढे येत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी ओरडून सांगायला हवं.

एक बातमी द्यायची राहिली. मागच्या महिन्यात लेकीला घेऊन लंडनला गेले होते. ब्रिटिश म्युझियममध्ये १८३१ साली उइगच्या बाजूला सापडलेल्या वॉलरसच्या दाताच्या बुद्धिबळाच्या सोंगट्या पाहिल्या. ढाल चावणारा शिपाई तिला आवडेल असं वाटलं होतं, पण ती गालाला हात लावून बसलेल्या राणीपाशीच थांबली. म्हणाली, "ही कवठेमहांकाळच्या पणजीसारखी बसलीय." तिनं पणजीला फक्त फोटोत पाहिलं आहे.

तिथे शेजारी एक वयस्क बाई उभ्या होत्या. त्यांनी कौतुकानं विचारलं, तू कुठली गं? लेकीनं आधी बाबांकडची यादी म्हटली, तुम्ही शिकवलेल्या गेलिक चालीवर, ओलाफपर्यंत. श्वास घेतला. मग माझ्याकडची म्हटली, आईची आई, तिची आई. गावाचं नाव स्वच्छ, ळसकट.

जुलैत येतो आहोत. तक्त्यावर तुमच्या आईचं नाव लिहायला जागा ठेवली आहे, ते कसं उच्चारायचं ते मला शिकायचं आहे. वेळ लागेल. खोली उघडी ठेवा.

तुमची,
कवठेमहांकाळच्या आजीची नात