तावदाने लहान का होती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील लंडनच्या जुन्या घरांवरचा लेख वाचला. लाकडी चौकटीत वर-खाली सरकणाऱ्या तेथील सॅश खिडक्यांची तावदाने लहान असण्याचे कारण लेखात ‘खिडकी-कर’ असे दिले आहे, ते पटणारे नाही. १६९६ ते १८५१ या काळात असलेला हा कर घराला खिडक्या किती, यावर आकारला जाई. एका खिडकीत तावदाने किती, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. त्यापायी लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या, हे खरे. (अर्थात दिसेल ती बुजलेली खिडकी कराचीच बळी असते असे नाही, दर्शनी बाजू समतोल दिसावी म्हणून काही मुळातच आंधळ्या बांधलेल्या असतात.)

लहान तावदानांचे मूळ काच बनवण्याच्या पद्धतीत आहे. त्या काळची चांगली काच नळीने फुंकून, मग भराभर फिरवून तबकडीसारखी पसरवली जाई. तिच्या मध्यावर, जिला चिकटवून ती फिरवत त्या सळईची जाड गाठ राही आणि ती टाळून उरलेल्या काचेतून फार मोठा चौकोन निघतच नसे. म्हणून वरच्या झडपेत (म्हणजे काचांच्या सरकत्या चौकटीत) सहा आणि खालच्या झडपेत सहा तावदाने, ही जॉर्जियन काळातील (साधारण १७१४ ते १८३०) नेहमीची मांडणी. सुतारांचे कसब दिसते ते तावदानांमधल्या पट्ट्यांत: अठराव्या शतकाच्या आरंभी जाडजूड असलेल्या या पट्ट्या शतक संपेपर्यंत अगदी सडसडीत झाल्या. चौकटीची जागा मात्र आगीच्या भीतीने ठरवली. लंडनमध्ये १७०९च्या कायद्याने ती भिंतीच्या दर्शनी बाजूपासून चार इंच आत घ्यायला लावली, तर १७७४च्या कायद्याने झडपा तोलून धरणारी वजने आणि त्यांच्या दोऱ्या सामावणारी लाकडी पेटीही विटांच्या मागे दडवायला लावली.

पुढे १८३०च्या दशकात मोठ्या आकाराची काच इंग्लंडमध्ये तयार होऊ लागली, १८४५ मध्ये काचेवरचा अबकारी करही गेला, आणि झडपेत दोन किंवा एकच तावदान बसू लागले. काच जड झाली, तिला पेलणाऱ्या मधल्या पट्ट्या गेल्या, आणि सगळा ताण झडपेच्या कोपऱ्यांतील सांध्यांवर आला. त्यावर उपाय म्हणून वरच्या झडपेच्या दोन्ही उभ्या बाजू सांध्याच्या खाली थोड्या वाढवून त्यांना नक्षीदार वळण दिले गेले. हीच ती ‘शिंगे’. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या खिडक्यांना ती सहसा आढळत नाहीत.

लेखासोबतच्या छायाचित्रात सहा-सहा तावदानांच्या खिडक्यांना अशी शिंगे स्पष्ट दिसतात, म्हणजे त्या बहुधा नंतर बदललेल्या आहेत. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या खिडक्यांवर तर ती शोभेसाठी सर्रास चिकटवली जातात. तेव्हा छायाचित्राखाली दिलेला ‘१७८० चे दशक’ हा काळ घराचा असू शकेल, खिडक्यांचा नव्हे, एवढी दुरुस्ती पुढील अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे