अलीच्या शेवटच्या दहा लढती आणि आपल्या पोरांचे स्पारिंग (सरावाची लढत)

महोदय,

मुष्टियोद्धा मोहम्मद अलीचा थरथरणारा हात आठवला की ‘एवढे जिंकून शेवटी काय मिळवले?’ असा प्रश्न हमखास निघतो. त्याच्या 61 लढतींचा हिशेब एकगठ्ठा मांडला तर उत्तर सापडत नाही. 1 ऑक्टोबर 1975 रोजी मनिलात 14व्या फेरीनंतर प्रतिस्पर्धी जो फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच यांनी आपल्या माणसाला शेवटच्या फेरीसाठी सोडले नाही आणि अली जिंकला. तो तेव्हा 33 वर्षांचा होता. तिथवरची कारकीर्द सार्थ होती, असे मी ठामपणे म्हणेन. पुढच्या दहा लढती मात्र नको होत्या. त्यांतल्या सहा पूर्ण 15 फेऱ्या चालल्या. 1977 मध्ये एर्नी शेव्हर्स या प्रतिस्पर्ध्याचा मार खाल्ल्यावर अलीचे डॉक्टर फर्डी पचेको यांनी थांबायला सांगितले. ऐकले नाही म्हणून त्यांनी साथ सोडली. 1978 मध्ये तिसऱ्यांदा जगज्जेतेपद मिळाले, हे खरे. पण 1980 मध्ये लॅरी होम्स या प्रतिस्पर्ध्यासमोर तो थायरॉइडच्या गोळ्या खाऊन, वजन उतरवून, अंगातले पाणी गमावून उभा राहिला. 1984 मध्ये पार्किन्सन्सचे (कंपवाताचे) निदान झाले. तो आजार ठोशांमुळेच झाला का, यावर डॉक्टरांत एकमत नाही. त्या वयात तो मार खायला नको होता, यावर दुमत नसावे.

मुंबईतल्या प्रशिक्षकांनी आणि पालकांनी यातून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. हूक, म्हणजे बाजूने येणारा वळणदार ठोसा, जबड्याच्या टोकाला बसला की डोके झटक्यात वळते, आतला मेंदू मागे राहतो आणि त्याचे बारीक तंतू ताणले जातात. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, हा झटका वाचत नाही. ग्लोव्हही मुख्यतः मारणाऱ्याची मूठ सांभाळतो. नॉकआऊट न होता रोज बसणारे मध्यम ठोसेच वर्षानुवर्षे साचत जातात, आणि ते स्पर्धेपेक्षा सरावात जास्त बसतात. अलीही सरावात साथीदारांना स्वतःला मारू देत असे.

म्हणून डोक्यावरचे जोरदार स्पारिंग आठवड्यातून एकदाच, तीन फेऱ्या, 16 औंसांच्या ग्लोव्ह्जने आणि जवळच्या वजनाच्या जोडीदाराशीच व्हावे. बाकीचे दिवस पॅड, बॅग, नुसता जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) किंवा फक्त अंगावरचे ठोसे. मोठ्या पोरासमोर लहान पोराला ‘जरा टणक होऊ दे’ म्हणून उभे करणे आता पुरे झाले.

स्पर्धेसाठी वजन करण्याच्या आदल्या दिवशी रेनकोटवर स्वेटर चढवून दोरीवरच्या उड्या मारायला लावतात, तेही थांबवायला हवे. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. पाणी कमी झालेल्या शरीराने डोक्यावर मार खाणे धोक्याचे आहे. तेवढे वजन उतरत नसेल तर मुलाने वरच्या गटात खेळावे.

हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाची साधी चाचणी घेऊन वहीत नोंदवावी: पाच शब्द ऐकून दहा मिनिटांनी सांगणे, महिने उलटे म्हणणे, एका पायावर उभे राहणे, टाचेला बोटे लावून सरळ रेषेत चालणे. ठोसा बसल्यावर हीच चाचणी घेतली की फरक कळतो. उलटी, वाढती झोप, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली तर वेळ न घालवता केईएम, सायन, नायर, जे रुग्णालय जवळ असेल ते गाठावे. सीटी स्कॅन स्वच्छ आला म्हणजे मेंदूला काही झाले नाही, असे नसते. त्यात रक्तस्राव दिसतो, ताणलेले तंतू दिसत नाहीत. मार बसल्यावर पुढच्या आठवड्यात मुलगा विनाकारण चिडत असेल, अभ्यासात लक्ष लागत नसेल, तर पालकांनी ते प्रशिक्षकाला सांगावे. अशा मुलाला रिंगमध्ये घेऊ नये.

डोक्यावरच्या ठोशाने नॉकआऊट झाल्यावर किमान 30 दिवस लढत नाही आणि स्पारिंगही नाही. स्पर्धेत हे पाळले जाते, पण व्यायामशाळेत झालेला नॉकआऊट कुठेच लिहिला जात नाही; तोही चाचणीच्या वहीत लिहावा. जिल्हा संघटनांनी प्रवेशअर्जासोबत ही वही मागवावी आणि 30 दिवसांच्या आतली नोंद दिसली तर वजनकाट्यावरच त्या मुलाला परत पाठवावे.

– एक मुष्टियुद्ध प्रशिक्षक, लालबाग, मुंबई