फोन-व्हिडिओवरील सल्ल्याच्या नोंदींबाबत

सर्व सदस्य डॉक्टरांना नमस्कार.

फोनवर किंवा व्हिडिओवर दिलेल्या सल्ल्याचीही नोंद ठेवणे २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार आवश्यक आहे. ‘ताप, गोळ्या दिल्या’ एवढे पुरत नाही. पेशंटला आपण हात लावून तपासलेले नसते. त्यामुळे ताप कोणी मोजला, किती होता आणि मुख्य म्हणजे काय तपासता आले नाही, हे लिहाच. पुढे दुसऱ्या डॉक्टरच्या हाती तेवढेच असते. ॲलर्जी आणि चालू औषधे दर वेळी विचारा.

व्हॉट्सॲपवर आलेले रिपोर्ट, फोटो त्याच दिवशी पेशंटच्या फाइलमध्ये घ्या. आरोग्य कर्मचाऱ्याने किंवा नातेवाइकाने फोन केला असेल, तर पेशंटची स्पष्ट संमती नोंदवा. प्रिस्क्रिप्शनची प्रतही ठेवा.