मॅडम, त्या तीन अक्षरांबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

सिकलसेलची फाइल, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजारांतल्या डीएनए-बदलांच्या जागांची यादी, आपण दुरुस्त करून पाठवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र मुद्दाम उघड लिहितोय. गडचिरोली-गोंदियाकडे अशा फाइली घेऊन अडकलेले आणखीही लोक आहेत, त्यांनाही आपल्या कामाचा उपयोग व्हावा.

फाइलच्या माथ्यावर आपण मराठीत एक ओळ लिहिली होती: "मोजणी १ पासून, दोन्ही टोकं धरून, जीआरसीएच ३८, अक्षरं प्लस स्ट्रँडची." (जीआरसीएच ३८ ही मानवी संदर्भ जिनोमची आवृत्ती; अक्षरं म्हणजे डीएनएची ए, टी, जी, सी; प्लस आणि मायनस हे डीएनएचे दोन धागे, म्हणजे स्ट्रँड.) आधी ज्यांनी पैसे घेऊन हीच फाइल करून दिली, त्यांनी यातला एक शब्दही लिहिला नव्हता. विचारलं तर उत्तर एकच, "सॉफ्टवेअरमधून आलंय, बरोबरच असतं."

सॉफ्टवेअर बरोबरच होतं, पण डीएनएवरच्या जागा लिहिण्याच्या फाइलींपैकी बेड एका रीतीनं मोजते आणि व्हीसीएफ, जीएफएफ दुसऱ्या. इकडच्या माणसाला समजावायचं तर बेड धुरे, म्हणजे बांध, मोजते आणि व्हीसीएफ धानाच्या बांध्या, म्हणजे मधली खाचरं. शून्य नंबरचा धुरा आणि एक नंबरचा धुरा यांच्या मधली ती पहिली बांधी. म्हणून हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनच्या एचबीबी जनुकातला सिकलसेलचा बदल व्हीसीएफमध्ये ११ व्या क्रोमोसोमवर ५२२७००२ या जागी असतो, आणि बेडमध्ये ५२२७००१ ते ५२२७००२ असा. बेडवरून व्हीसीएफकडे येताना सुरुवातीच्या आकड्यात एक मिळवायचा, शेवटच्याला हात लावायचा नाही. आधीच्यांनी दोन्ही रकान्यांत एक मिळवून ठेवला होता, त्यामुळे एका अक्षराच्या जागी दोन अक्षरं आली.

पण सगळ्यात मोलाचा वाटला तो आपण जोडलेला छोटासा रकाना. प्रत्येक जागेपुढे संदर्भ जिनोममधलं तिथलं अक्षर आणि दोन्ही बाजूंचं एकेक अक्षर. सिकलसेलपुढे आपण लिहिलंत 'सीटीसी'. मधला टी म्हणजे ५२२७००२. जागा एकानं अलीकडे सरको की पलीकडे, टीऐवजी सी दिसतो आणि चूक तिथंच पकडली जाते.

शेजारची अक्षरं का हवीत, हेही त्यातच कळतं. एचबीबी मायनस स्ट्रँडवर आहे. जनुकात 'जीएजी'चं 'जीटीजी' होतं, म्हणजे एचा टी; प्लस स्ट्रँडवर तोच बदल टीचा ए म्हणून लिहिला जातो. ए आणि टी एकमेकांच्या जोडीतलेच, त्यामुळे नुसतं मधलं अक्षर पाहून स्ट्रँड ओळखता येत नाही. कुणी अक्षरं उलटी वाचली तर निरोगी माणूस 'एसएस', म्हणजे सिकलसेलचा रुग्ण, ठरतो आणि रुग्ण निरोगी. शेजारी सी असतील तर प्लस, जी असतील तर मायनस. एवढ्या तीन अक्षरांत आपण आकडा आणि स्ट्रँड दोन्हींचा ताळा करून ठेवलात.

जुन्या रिपोर्टात 'ग्लू६व्हॅल' आणि नव्यात 'ग्लू७व्हॅल' का, याची टीपही कामाला आली. बदल एकच, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन; आता प्रथिनाच्या सुरुवातीचा मेथिओनिन (पहिलं अमिनो आम्ल) मोजतात, पूर्वी मोजत नसत.

थॅलेसेमियाच्या जागा तर आणखी बिकट. जनुकाची मोजणी प्रथिन जिथून सुरू होतं त्या 'एटीजी'च्या एपासून, म्हणजे ५२२७०२१ पासून, उतरत्या आकड्यांनी चालते. सी.२० साठी, म्हणजे या मोजणीतल्या विसाव्या अक्षरासाठी (इथला 'सी.' हे डीएनएचं अक्षर नव्हे), १९ वजा केले की झालं. पण हे सी.९२ पर्यंतच. तिथं पहिला एक्सॉन (जनुकाचा ठेवला जाणारा तुकडा) संपतो आणि १३० अक्षरांचा इंट्रॉन (मधला, कापून टाकला जाणारा तुकडा) लागतो. सी.९३ साठी सरळ ९२ वजा केले तर ५२२६९२९ येतं, आणि ते इंट्रॉनचं पहिलं अक्षर. खरं सी.९३ आहे ५२२६७९९ वर. आपल्याकडे थॅलेसेमियात नेहमी सापडणारा सी.९२+५ जी>सी हा बदल याच इंट्रॉनमध्ये, ५२२६९२५ वर बसतो.

आधीच्यांनी जीआरसीएच ३७ या आधीच्या आवृत्तीवरून ३८ वर येतानाही वजाबाकीच केली होती. एचबीबीला २१२३० वजा करून भागतं, ५२४८२३२ चं ५२२७००२ होतं. तोच आकडा त्यांनी १६ व्या क्रोमोसोमवरच्या अल्फा ग्लोबिनलाही लावला. तिथं फरक ४९९९९ चा आहे. असं काम चेन फाइल (दोन आवृत्त्यांमधल्या जागा जुळवणारी) देऊन लिफ्टओव्हर या प्रोग्रामनंच करायचं, त्याला बेड द्यायची, आणि न जुळलेल्या जागांची वेगळी फाइल फेकायची नाही, हे आपण बजावलंत. बरं झालं.

आपल्या हातून गेलेली फाइल उद्या कोण उघडणार, त्याला काय कळेल, एवढा विचार करणारी माणसं थोडी. आपण कसलीही ओळख नसताना तो केलात. दुरुस्त आकडे पाठवून मोकळं होता आलं असतं, पण आमचे आम्हाला तपासता यावेत अशी सोय करून दिलीत. याची जाण आम्हाला कायम राहील.

आता अल्फा ग्लोबिनच्या जागा आपल्याच पद्धतीनं लावतोय. एक अडचण मात्र आहे. एचबीए१ आणि एचबीए२ या अल्फा ग्लोबिनच्या दोन जनुकांचा प्रथिनं घडवणारा भाग हुबेहूब सारखा, त्यामुळे तिथं तीन अक्षरं काय, तीस लिहिली तरी जनुक कोणतं ते कळत नाही. दुसऱ्या इंट्रॉनमधली आणि शेवटच्या यूटीआरमधली (प्रथिनात न उतरणाऱ्या टोकामधली) वेगळी अक्षरं धरून रकाना केलाय. तेवढा एकदा नजरेखालून घालावा, ही विनंती.

आपले कृतज्ञ,
सिकलसेल नोंदींच्या कामातले आम्ही सगळे
कुरखेडा, जि. गडचिरोली