बालन नसला तरी चालते, पण कसे?

महोदय,
आपल्या पुरवणीतील हौशी रेडिओवरचा लेख आवडला. फक्त ‘डायपोलला बालन नसला तरी चालते’ हे वाक्य खटकले. (डायपोल म्हणजे मधोमध केबल जोडलेला दोन तारांचा अँटेना; ती केबल म्हणजे कोअ‍ॅक्स, मधे एक तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी; बालन म्हणजे अँटेना आणि केबल यांच्यामधला, प्रवाह तोलणारा जोड.) चालते, हे खरे. पण कसे, तेही सांगायला हवे होते.

उच्च वारंवारितेचा प्रवाह धातूच्या पृष्ठभागालगतच वाहतो. त्यामुळे कोअ‍ॅक्सच्या जाळीची आतली आणि बाहेरची बाजू म्हणजे दोन स्वतंत्र ताराच. जाळीच्या आतून वर आलेल्या प्रवाहातला काही भाग डायपोलच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला वळतो आणि केबलवरून थेट घरात उतरतो. मग मायक्रोफोनला ओठ टेकला की चटका बसतो, केबल हाताळली की एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून किती लहरी परत येतात ते दाखवणाऱ्या मापाचा) काटा हलतो. ऐकतानाही तोच त्रास: एलईडी दिव्यांची आणि चार्जरची खरखर याच वाटेने रिसीव्हरपर्यंत पोचते. मग बिचाऱ्या रिसीव्हरला नावे ठेवली जातात!

यावर चोक (जाळीबाहेरचा प्रवाह अडवणारे वेटोळे), म्हणजेच १:१ करंट बालन, हा साधा उपाय आहे. एचएफच्या, म्हणजे लघुलहरींच्या, खालच्या बँडसाठी ‘३१’ क्रमांकाच्या मिश्रणाच्या मोठ्या फेराइट (चुंबकीय सिरॅमिक) कड्यावर बारीक कोअ‍ॅक्सचे दहा-बारा वेढे द्यावेत आणि तो फीडपॉइंटलाच, म्हणजे केबल डायपोलला जोडते तिथेच, बसवावा. लोहभुकटीचे लाल कडे दिसायला तसेच असते, पण या कामी जवळजवळ निरुपयोगी. ४:१ व्होल्टेज बालन इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध) बदलतो. जाळीबाहेरचा प्रवाह अडवेलच असे नाही. स्विस अभियंते ग्वानेला यांनी करंट बालनची रचना १९४४ मध्येच मांडली होती. खरखर फारच असेल तर रेडिओजवळ आणखी एक चोक लावून पाहावा.

— एक हौशी रेडिओचालक