भिंतीची चावी कोणाकडे आहे?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गडावर कोणाचा पाय घसरला की दोन दिवसांनी तुमच्या या सदरात पत्रं येतात, कडे चढायचे हे जिवावरचे शौक बंद करा म्हणून. मी आजवर पेपरला कधी पत्र लिहिलं नाही, पण आता लिहून राहिलो कारण तो शौक मलाही आहे, त्याच्या सरावाची शहरातली भिंत कुलपात आहे, आणि मी काही कॉलेजचा पोट्टा नाही, गेल्या वर्षी रिटायर झालो. वीज खात्यात लाइनमन होतो, ३१ वर्षं खांबावर चढलो आणि उतरलो.

१९९४ ची गोष्ट असेल, नोकरीत नवाच होतो, एका दोस्ताच्या लग्नाला जुन्नरला निघालो होतो. कल्याणवरून एसटी, माळशेज घाटाचा रस्ता, आणि मोरोशीच्या आसपास डाव्या खिडकीतून एकदम तो दिसला. बाजूचा माणूस म्हणाला हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. नागाने फणा काढावा तसा, मधून आत गेलेला आणि वरून पुढं झुकलेला, उभाच्या उभा कातळ. नागपूर ३१० मीटरवर, चारी बाजूनं सपाट, आमच्याकडं उंच म्हणजे सेमिनरी हिल्स नाहीतर कोराडीच्या चिमण्या, आणि हा गड १४२४ मीटर. लग्नात काय जेवलो ते आठवत नाही, कडा आठवते. तेव्हाच ठरवलं, एकदा याच्यावरून वर जायचं. पायवाटेनं नाही, पाचनईहून तर शाळेची पोरं पण जातात. समोरून.

मग काय, नोकरी, पोरींची लग्नं, घराचे हप्ते. तीस वर्षं अशीच गेली.

रिटायर झाल्यावर पुण्याकडच्या एका ग्रुपचा कातळ चढायचा बेसिक कोर्स केला. बायको म्हणाली, आत्ता कुठं खांबावरून उतरले, आता घरी बसा ना जी, काहून जीव टांगणीला लावता. कोर्समध्ये मीच सगळ्यात म्हातारा, शिकवणारा पोरगा सव्वीस वर्षांचा, मला काका म्हणायचा. मनात म्हटलं या पोराला काय माहीत उंची काय असते, आपण तर पावसात, अंधारात, वारा सुटला असताना वर गेलेलो.

पहिल्याच दिवशी त्यानं मला पंचवीसेक फूट वर चढवलं आणि खालून ओरडला, काका आता हात सोडा. मी म्हटलं काय? म्हणे सोडा, पडा. साहेब, माझे हात सुटेनात. खरं सांगतो, मन तयार होतं पण हात ऐकेना, ३१ वर्षं ज्या हातांना एकच शिकवलं की काही झालं तरी सोडायचं नाही ते एका शब्दावर कसे सुटतील. खाली पोरं-पोरी उन्हात उभी, कोणी हसलं नाही हे त्यांचं मोठेपण. दहा मिनिटं तरी तसाच लटकलो असेन, पाय शिलाई मशीनसारखे थडथडत होते, शेवटी बोटं दमून आपोआप सुटली आणि मी तीन-चार फूट गेलो आणि दोरानं अलगद धरलं. झटका नाही, काही नाही. वर बघतो तर कातळ तिथंच आणि मी हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांत, बसल्यासारखा झुलत होतो.

तेव्हा समजलं की आमचा बेल्ट आणि हे हार्नेस यात काय फरक आहे. आमचा कमरेचा बेल्ट टेकून काम करायसाठी असतो, पडणाऱ्याला झेलायसाठी नाही, पडला तर कंबर मोडेल. हार्नेसमध्ये वजन मांड्यांवर येते, चढायचा दोर ताण घेऊन लांबतो आणि झटका स्वतः खातो, खाली बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणारा गडी, तो आवळून धरतो. रॅपलिंगचा दोर वेगळा, तो फारसा लांबत नाही, त्यावर उतरायचं, पडायचं नाही. आता गडावर हौशी लोक कोणताही दोर कशालाही बांधून चालले असतात, मग अपघात झाला की शिव्या डोंगराला.

माझा नातू मोबाइलवर अमेरिकेतल्या एल कॅपिटनचे व्हिडिओ बघतो. नऊशे मीटरची ग्रॅनाइटची भिंत, अ‍ॅलेक्स होनोल्ड नावाचा गिर्यारोहक ३ जून २०१७ ला तिच्यावर दोराशिवाय चार तासांच्या आत वर गेला. नातू म्हणे आजोबा बघा, दोर लागतच नाही. त्याला बसवून सांगितलं की बाबू, तो त्याच भिंतीवर आधी दोर लावून कितीदा चढला, हातपाय कुठं ठेवायचे ते पाठ केलं, ते व्हिडिओत दिसत नाही. आणि हीच भिंत नोज नावाच्या वाटेनं पहिल्यांदा चढायला वॉरेन हार्डिंगच्या लोकांना दीड वर्षात मिळून ४७ दिवस लागले, १२ नोव्हेंबर १९५८ ला वर पोचले. मला हार्डिंग जवळचा वाटतो, मेखा ठोकत, दोर लावत, खाली येत, परत जात. आमच्याच खात्यातला वाटतो.

आमच्या सह्याद्रीचा दगड वेगळा, बसाल्ट, थराथरांचा, हातात घेतला तो धोंडा निघून येईल याचा नेम नाही. गंमत म्हणजे आपली सीताबर्डीची टेकडी पण त्याच लाव्हाची, तिकडं हजारो फूट साचला आणि आपल्याकडं येईस्तोवर संपला. आपल्या नशिबात टेकडीच.

म्हणून तर चढायच्या सरावाला कृत्रिम भिंत पाहिजे, आणि खरं म्हणजे ती आहे. शहरातल्या एका मैदानावर, नाव लिहीत नाही, रोज तिथं फिरायला जाणाऱ्यांना समजेल. क्लायंबिंग टोकियोपासून ऑलिम्पिकमध्ये आहे, तिथली स्पीडची, म्हणजे वेगानं चढायच्या स्पर्धेची, भिंत १५ मीटरची, आमचा साधा ११ केव्हीचा खांब ८-९ मीटरचा असतो, म्हणजे दोन खांब एकावर एक ठेवले त्याहून थोडी कमीच. आपली तेवढी उंच नाही पण चालते. फक्त दाराला कुलूप आहे. चौकीदार म्हणतो चावी साहेबांकडं, साहेब म्हणतात ठेकेदाराकडं, ठेकेदार फोन उचलत नाही. आतले दोर नागपूरचं ऊन खाऊन पांढरे पडलेत, ते तर फेकाच, मी माझा आणतो.

सध्या मी पहाटे पाचला पाण्याच्या टाकीचा जिना चढतो-उतरतो आणि दाराच्या चौकटीला बोटांवर लटकतो. पण पडायची प्रॅक्टिस चौकटीवर होत नाही.

डिसेंबरात कोकणकड्याखालच्या बेलपाडा गावावरून कड्यावर जायचं ठरलंय. पुढं तरणी पोरं राहतील, मी मागून त्यांनी लावलेल्या दोरावर जुमार, म्हणजे दोराला पकडून धरणारा चिमटा, सरकवत येईन. कोर्समधला एक जण म्हणाला, काका ते काही खरं चढणं नाही. नसेल. मला चालते. माझ्याकडं चार महिने आहेत, तेव्हा चावी नेमकी कोणाकडं आहे तेवढं कोणी तुमच्या पेपरातून कळवलं तर बरं होईल, कुलपाला तेल मी घेऊन येतो.

आपला,
एक रिटायर लाइनमन
मानेवाडा, नागपूर